तिसऱ्या टोपीखालची ओल

गाडी माझी आहे, पण तिच्याविषयी बोलायचा हक्क अख्ख्या गल्लीला आहे. बेळगावजवळ कंग्राळीत आमच्या गल्लीत पहिली चारचाकी आमच्याच दारात आली, म्हणून असेल. पांढरी, लहान, चार दारांची. आमच्या मालकांनी हौसेनं घेतलेली. पुढं मालकांना अर्धांगवायू झाला आणि दवाखान्यात न्यायला रोज कुणाच्या दारात उभं राहायचं, म्हणून बावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. शाळा माझी चौथीपर्यंतची. बाकीचं वाचन, लिहिणं, हिशेब, क्लच-ब्रेक, सगळं माझं मीच शिकलेलं. त्याचा मला थोडा तोरा आहे, तो या लिखाणात कुठं दिसला तर चालवून घ्या. पुढं तो उतरणारच आहे.

मालक गेले, गाडी राहिली. आता मी तिच्यात चटणी भरते. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची. आठवड्यातनं दोनदा संकेश्वर आणि निपाणीच्या दुकानांना पोचवते. तशीच एकदा भरून निघाले होते आणि वंटमुरीच्या चढाला गाडीनं पांढरा धूर सोडला. उष्णतेचा काटा लालवर गेलेला. मी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, आणि वाफेनं चष्मा धुरकटला तेव्हा कळलं की हे आपल्या हातचं काम नाही.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपवाल्यानं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "हेड गॅस्केट उडालंय, हेड वाकलंय. भंगारात घाला, मावशी." मालकांची गाडी आणि भंगारात? मी तिथनं उठले ती थेट पिरनवाडीला गेले.

पिरनवाडीला ज्याचं गॅरेज आहे तो आमच्याच गावचा. बौद्ध गल्लीतला. त्याचे वडील आमच्या शेतावर होते. आई आमचा गोठा काढायची, आणि हा तिचा पदर धरून गोठ्याच्या दारात उभा असायचा, एवढा असल्यापासून मी त्याला बघितलाय. आयटीआय शिकला, गोव्याला मोठ्या वर्कशॉपात बरीच वर्षं काढली, आता चाळिशी उलटली. नुकतंच स्वतःचं गॅरेज घातलं होतं. आत भिंतीवर बुद्धाची लहान तसबीर, तिच्याखाली बोल्ट आवळायचे पाने मापाप्रमाणं टांगलेले, आणि जमीन अशी की खाली पडलेलं नट सापडावं.

त्यानं गाडी बघितली, माझ्याकडं बघितलं.

"इंजिन उतरवाय लागतंय आक्का. सगळं खोलतो. अकरा-बारा दिवस द्या."

"हुईल न्हवं रं?"

"न हुयाला काय झालंय? पन एक सांगतो. गल्लीतले सगळे तुमच्या गाडीवर डोळा ठेवून बसल्यात. आप्पा म्हणालेत, आक्काची कशी येत्या बघतो, मग माझा टेम्पो देतो. आनी दोघं हाईत तसलेच. तुमची गाडी म्हंजे माझी पाटी हाय. बाहेर बोर्ड लावलाय त्यो उगं नावाला."

आप्पा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाला ज्यांचं किराणा दुकान आहे ते. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून जे ठरतं ते गल्लीत चालतं. त्याला हे माहीत होतं, मलाही माहीत होतं.

त्या अकरा दिवसांत मी चार वेळा पिरनवाडीला गेले. माझ्या गाडीचं पोट उघडं पडलेलं, सामान फडक्यावर ओळीनं मांडलेलं. तो एकेक उचलून मला दाखवायचा, हे झिजलंय, हे चालतंय. आणि दर वेळी विचारायचा, "च्या सांगू आक्का?" आणि मी दर वेळी म्हणायचे, "आत्ताच घेऊन आल्ये रं घरनं." घेऊन गेलेली असायचे हे खरं. न घेता गेले असते तरी मी तेच म्हटलं असतं, हेही खरंच.

बाराव्या दिवशी गाडी तयार झाली. त्यानं चालू केली, स्टीलचा पेला माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरला आणि इंजिनाच्या वर ठेवला.

"बघा. हलतंय का?"

पाणी हलत नव्हतं. काठावर नुसतं थरथरल्यासारखं चकाकत होतं, सांडत नव्हतं. त्याच्या तोंडावर असं काही होतं, जे मी माझं पोरगं शाळेत पहिलं आलं तेव्हा मालकांच्या तोंडावर बघितलं होतं.

"आता ऐका," म्हणाला. "पयल्यांदा सावकाश चालवा. आनी ह्या चार काळ्या टोप्या दिसत्यात न्हवं, ह्येच्याखाली प्लग हाईत. ठिणगी हितं पडत्या. टोप्यांची रबरं जुनी हाईत, चिरा गेल्यात. नवी कोल्लापूरला सांगितल्यात, आठ दिवसात येतील, फुकट बसवून देतो. तवर इंजिनवर पानी अजिबात मारू नका. आत उतरलं तर ठिणगी मरत्या."

"बरं बरं. नारळ फोडतोस न्हवं?"

"ते तुमचं तुम्ही घरात करा आक्का. आमचं मी केलंय. सगळे बोल्ट दोन-दोनदा आवळल्यात."

मी हसले. तोही हसला. असा आनंदात तो निरोप झाला.

घरी आले तर दारात धाकटी जाऊ. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. ती वाईट नाही, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही सगळं तिच्या डोक्यावर टाकाल आणि ते मला नकोय. मला ताप आला तर पेज तिच्याच घरची येते.

गाडीला एक फेरी घालून ती म्हणाली, "आवाज बरा येतोय की. सगळं इंजिन उघडलं व्हतं?"

"सगळं."

"त्यानंच? सोताच्या हातनं?"

"मग काय माझ्या हातनं?"

 पदर सारखा करत ती म्हणाली, "मी काय म्हणतोय, नवं लुगडं आणलं तरी एकदा पाण्यातनं काढून नेसतो का न्हाय आपण? भावजींची गाडी हाय ती. इंजिन म्हंजे तिचं काळीज. एवढे दिस उघडं पडलं व्हतं तिथं. जरा शिंपडून घे."

शुद्ध हा शब्द तिनं काढला नाही. मीही काढला नाही. आमच्या वयाच्या बायका तो शब्द आता तोंडात आणत नाहीत. कशानं शिंपडायचं तेही तिला सांगावं लागलं नाही.

आता मी कोण, ते ऐका. दर वर्षी जयंतीला बौद्ध गल्लीत मला बोलावतात. बचत गटाची जुनी बाई म्हणून दोन शब्द बोलायला. मी बोलते. टाळ्या घेते. एका वर्षी तर म्हटलं होतं, हात सगळ्यांचे सारखेच मळतात आणि सारखेच धुतले जातात. या गॅरेजवाल्याच्या आईनं पहिल्या ओळीत बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

जाऊ तांब्या घेऊन आली. तिच्या गायीचं गोमूत्र, वर आंब्याचं पान. मी बॉनेट उघडून धरलं.

"नको गं," मी म्हटलं. "पानी मारू नका म्हणलाय त्यो."

"ह्ये पानी न्हवं," जाऊ म्हणाली.

मी हसले. हसत हसतच तांब्या हातात घेतला. पाण्याचं काय, टोप्यांचं काय, ठिणगीचं काय, मला सगळं कळलेलं होतं. कळलं नव्हतं म्हणायची सोय मला नाही. पण त्या चार काळ्या टोप्या ओळीनं उभ्या, अगदी चार पिंडी मांडल्यासारख्या, आणि हात आपोआप वळला. आधी पानानं शिंपडलं.

"शिंपडून काय व्हतंय? घाल की जरा."

मी धार धरली. पहिल्या दोन्हींवर थोडी थोडी. तिसरीवर जास्त पडलं, कारण मधेच शेजारणीनं हाक मारली, "काय चाललंय गं?" आणि मी तिच्याकडं बघत "पूजा कराय लागल्योय" म्हणाले तोवर हात तिथंच होता. चौथीला काही उरलं नाही. मग चारींवर हळद-कुंकू लावलं, चाकापुढं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा शेजारणीला दिला. पूजा म्हटलं की सगळं तिच्यात बसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटणीचे डबे भरले, चावी फिरवली. गाडी चालू झाली पण कशी? तीन पायांच्या म्हशीसारखी. थडथड, थडथड, मधेच एक ठोका चुकायचा, सगळा सांगाडा हलायचा. डबे एकमेकांवर वाजायला लागले. ॲक्सिलेटर दिला तर मागनं फट्-फट् करून कच्च्या पेट्रोलचा वास. तशीच गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. आप्पा दुकानाचं फळकूट उघडत होते.

"आगं ये! इंजिन करून आणलंस का कांडप यंत्र?"

पायरीवर बसलेले दोघं हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तोंडातनं निघून गेलं, "काय म्हाईत बाबा आप्पा. झेपलं न्हाय वाटतं त्याला."

मागनं जाऊ दळण घेऊन येत होती. "मी म्हणलंच व्हतं," ती म्हणाली. काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं.

आप्पा म्हणाले, "बरं झालं थांबलो. टेम्पो उद्या दुसरीकडं घालतो."

एवढंच झालं. एक मिनिट सुद्धा लागलं नाही. त्याच्या पाटीवर मी पोतेरं फिरवलं आणि गाडी माघारी वळवून घरी आणली.

फोन केला तर तो म्हणाला, "चालवू नका आक्का. एका सिलिंडरचं पेट्रोल तसंच बाहेर पडतंय, आनी बिघाड हुईल. मी येतो." अर्ध्या तासात मोटारसायकलवरनं आला. आमच्या दारात उभं राहून त्यानं इंजिन ऐकलं. कान देऊन, मान वाकडी करून. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला.

"तीन मारत्यात, एक मारत न्हाय." तोंड उतरलं होतं त्याचं. "माझंच काय तरी चुकलंय आक्का. गॅरेजला न्ह्याय पायजे. मी सावकाश न्हेतो, बसा तुम्ही."

गल्लीतनं जाताना आप्पांच्या दुकानापुढं त्यानं मान वर केली नाही. मोटारसायकल आमच्या दारातच राहिली होती. थडथडत, लंगडत आम्ही निघालो. बेळगावात गर्दीत एका सिग्नलला थांबलो तेव्हा इंजिन तापलं होतं, आणि खालनं वास आला. आधी वाटलं रस्त्यावरचा आहे. मग ओळखला. तापल्या लोखंडावर पडलेल्या गोमूत्राचा वास. घरात गोठा असलेल्या बाईला तो चुकणार कसा? काल घातलेली ती धार, तिसरी टोपी, सगळं मला तिथं सिग्नलला बसल्या बसल्या कळलं. हिरवा लागला. मी काच खाली केली आणि म्हटलं, "उकडतंय नव्हं रं?"

तो म्हणाला, "व्हय."

इथनं पुढचे दोन तास मला कुणी परत दिले तर मी चटणीचा धंदा देऊन टाकीन.

गॅरेजला नेऊन त्यानं बॉनेट उघडलं. टोप्यांवरचं हळद-कुंकू दिसलं. "पूजा केलासा व्हय? चांगलं झालं," म्हणाला आणि त्या बाजूला न जाता दुसरीकडनं कामाला लागला. आधी इंजिनाचा दातेरी पट्टा. आतली खूण एका दातानं चुकली तर इंजिन असं हलतं म्हणे, आणि पट्टा त्यानंच बसवलेला. त्याच्यावरचं झाकण काढायला हात जात नव्हता, मनगट सोललं. खुणा बघितल्या. बरोबर होत्या. तरी परत बघितल्या, बॅटरीच्या उजेडात, गुडघ्यावर बसून.

"पट्टा ठीक हाय," तो स्वतःशीच म्हणाला. "मग गॅस्केट पुन्ना गेलं का काय?"

रेडिएटरचं टोपण उघडून पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत बसला. आले नाहीत. हवेचे पाईप एकेक चाचपले. मग पेट्रोल सोडणाऱ्या चार नळ्यांच्या वायरी एकेक काढून आवाज ऐकला. पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. परत लावली. दुसरी काढली, लंगडलं. तिसरी काढली तर काहीच फरक नाही.

"ह्यो बघा, तिसरा. ह्यो मेलाय." लांब स्क्रू-ड्रायव्हर त्या नळीला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. "पेट्रोल येतंय. टिकटिक हाय." स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.  "आत वॉल्व बसला नसंल तर हेड पुन्ना उतरवाय लागतंय. माझ्या हातनं आजवर असं झालं न्हवतं आक्का."

मी स्टुलावर बसले होते. पदरानं वारा घेत होते. एक वाक्य होतं, तोंडाच्या आत जिभेवर बसलेलं. अरं, मी वर काहीतरी घातलंय रं काल. एवढंच बोलायचं होतं. पण काय घातलं, हा त्याचा पुढचा प्रश्न असता. आणि का घातलं, हा त्याच्या पुढचा. म्हणून मी वारा घेत राहिले. त्यानं मधेच विचारलं, "च्या सांगू आक्का?" मी म्हटलं, "आत्ताच घेतलाय." सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

तो हात पुसून उभा राहिला. टोप्यांकडं बघत.

"एवढंच ऱ्हायलंय बघायचं. ह्या परवाच माझ्या हातानं बसवल्यात, पानी मारू नका म्हणून बी सांगितलंय, ह्यांच्यात काय नसणार. पन हेड उतरवायच्या आधी बघतो." आणि मग माझ्याकडं वळून, "कुंकू पुसलं जाईल आक्का. हात लावू का?"

त्यानं दोन तास सगळं इंजिन चाचपलं होतं आणि त्या चार टोप्या सोडल्या होत्या त्या यासाठी. माझी पूजा मोडू नये म्हणून.

"लाव," मी म्हटलं. 

तिसरी टोपी त्यानं ओढली. पॉक् करून निघाली, आणि आतनं पिवळट पाणी टपकलं. तो "आँ?" म्हणाला. बॅटरी मारून आत बघितलं. खळग्यात तळाला साचलेलं होतं, प्लग अर्धा बुडालेला. "हितं पानी कुठनं आलं?" त्यानं बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं, आणि सवयीनं नाकाजवळ नेलं. पेट्रोल आहे की तेल आहे ते बघायला नेतात तसं.

बोट तिथंच राहिलं.

रस्त्यानं खानापूरची बस गेली. नंतर एक रिक्षा गेली. त्यानं बोट फडक्याला पुसलं, अगदी नखापासून, आणि म्हणाला, "वास कळतोय मला आक्का. माझी आई तुमचाच गोठा काढत व्हती."

 काय बोलणार? पूजा केली म्हणू? पूजेला सगळं चालतं म्हणू? तोंडातनं निघालं ते असं, "जाऊनं सांगितलं रं." इतकी मोठी बाई मी, आणि सातवीतल्या पोरीसारखं बोट दुसरीकडं दाखवलं.

"वतलं कुणी?" त्यानं विचारलं. मोठ्यानं नाही.

"मी."

त्यानं मान हलवली. हवेच्या पाइपनं खळगा कोरडा केला, प्लग काढून नवा घातला, टोपी आतनं पुसून सुकवली, बाकीच्या तिन्ही काढून बघितल्या. कुंकू आता सगळीकडं लागलं होतं, त्याच्या बोटांना, फडक्याला. चावी फिरवली. इंजिन लागलं ते चारी पायांवर. त्यानं पेला भरून वर ठेवला. पाणी हललं नाही.

आणि मग जे झालं ते मला आजही जास्त लागतं. तो हसला. माझ्याकडं बघून नाही, पेल्याकडं बघून. "माझं काय चुकलं न्हवतं," म्हणाला. "वॉल्व बरोबर हाय. पट्टा बरोबर हाय." दोन तास छातीवर धोंडा घेऊन बसलेला माणूस सुटला होता. बाकीचं त्याच्यापर्यंत सावकाश पोचलं. पेला उचलून त्यानं पाणी बाहेर फेकलं, आणि परत आला तेव्हा तोंडावर हसू नव्हतं.

"गाडी बरी झाल्या. घेऊन जावा. मोटारसायकल मी रिक्षानं येऊन न्हेतो." मग फडकं घडी करत म्हणाला, "सकाळी आप्पा काय म्हणाले ते मला कळलंय. फोन आलता. तुम्ही काय म्हणालासा ते बी. आता त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

गाडी घेऊन मी निघाले. पिरनवाडीपासून कंग्राळीपर्यंत गाडी इतकी सुरेख चालली की मला ती लंगडी बरी होती.

आप्पांच्या दुकानापुढं थांबवली. इंजिन बंद केलं नाही, त्यांना ऐकू दे म्हणून. आप्पा, सकाळचेच दोघं, आणि दूध घालायला आलेली जाऊ.

"सुधारली की गं! काय झालतं?"

"पानी गेलतं आप्पा. टोप्यात. मीच मारलं काल इंजिनवर." हे मी वाटेत तयार करून आणलं होतं. त्याचं नाव राहील, माझंही राहील.

आप्पा म्हणाले, "मग त्यानं सांगायला नको व्हय, पानी मारू नका म्हणून? एवढं इंजिन केलं आनी एवढं सांगाय येईना? अर्धवट काम त्ये अर्धवटच."

पायरीवरचा एक म्हणाला, "व्हय की."

म्हणजे माझ्या सोयीची गोष्ट सांगितली तरी धोंडा त्याच्याच डोक्यावर जात होता. मी गाडीतनं उतरले. 

"सांगितलं व्हतं त्यानं. अजिबात मारू नका म्हणून सांगितलं व्हतं. आनी पानी न्हवतं ते आप्पा. गोमूत व्हतं. त्यानं उघडलेलं इंजिन म्हणून मी वर गोमूत वतलं. माझ्या हातानं. त्याच्या कामात एका सुताची चूक न्हाय. सकाळी झेपलं न्हाय म्हणले, ते बी खोटं."

 आप्पांनी तराजूतला गूळ काढून परत घातला. पायरीवरचे दोघं रस्त्याकडं बघायला लागले. मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, काय गं हे, तू असं केलंस? कुणी म्हटलं नाही. चूक काय झाली ते त्यांना कळलं होतं, पण त्यांना नवल वाटलं ते मी ते पायरीवर मोठ्यानं बोलले याचं. जाऊ दुधाची किटली घेऊन निघाली आणि माझ्या जवळनं जाताना म्हणाली, "सगळ्या गावासमोर अब्रू काढलीस. तुझी न्हाय, आमची." पुढं चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. तापात पेज आली, पण ती तिच्या सुनेच्या हातनं.

थोड्या वेळानं आप्पा खाकरले. "एवढं मुताचं पानी पिऊन बी चाललं म्हणजे इंजिन पक्कं केलंय म्हणायचं." दोघं हसले. त्या हसण्यावर विषय संपला. टेम्पो आप्पांनी दोन दिवसांनी त्याच्याकडं घातला. मला बरं वाटायला हवं होतं.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला, रबरं आली म्हणून. मी गेले. त्या दिवशी मी घरातनं चहा न घेता गेले, मुद्दाम. आप्पांचा टेम्पो आत उभा होता. त्यानं माझ्या गाडीच्या जुन्या टोप्या काढल्या, नव्या बसवल्या, एकेक दाबून बघितली. वेळ दहा मिनिटं लागला असेल.

"ही रबरं लई चांगली हाईत आक्का," बॉनेट लावत म्हणाला. "आता काय बी वतलासा तरी आत जात न्हाय."

मी मान खाली घातली. मग धीर केला. शेजारच्या टपरीतनं चहाच्या कपांचा आवाज येत होता.

"आज च्या विचारला न्हाईस रं?"

तो पाने पुसत होता. मापाप्रमाणं टांगत म्हणाला, "बंद केलंय विचारायचं. सगळे आत्ताच घेऊन आल्याले असत्यात."

त्याला आता दोन वर्षं होत आली. जयंतीला मला अजून बोलावतात. मी जाते, पहिल्या ओळीत त्याच्या आईशेजारी खाली बसते, बोलायला उठत नाही. घसा बसलाय म्हणते. गाडीचं तेल बदलायला मी पिरनवाडीलाच जाते. काम चोख करतो, आक्का म्हणतो, वाहनं खोळंबली असली तरी माझी आधी घेतो. घरनं मी पाण्याची बाटली नेत नाही. तहान लागली की मागते, तो माठातनं त्याच स्टीलच्या पेल्यात काठोकाठ भरून देतो, मी पेला तोंडाला लावून पिते. तो बघत नाही. कामात असतो.

चहाचं त्यानं अजून विचारलेलं नाही.